गाडीतलं व्हॅक्यूम गेज आणि माझा उजवा पाय

गाडी धक्के देते, ही तक्रार आधी बायकोने केली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून येताना मांडीवरच्या पिशवीतली अंडी फुटली, तेव्हाही तिने दोष गाडीलाच दिला, मला नाही. इतक्या वर्षांच्या संसारात कुठे थांबायचं ते तिला कळतं. माझ्या धाकट्या भावाला मात्र ते कळलं नाही. तो मागच्या सीटवर बसला होता. घरासमोर उतरताना हळूच म्हणाला, "दादा, धक्के गाडी देना नाय. तू देतंस."

मला राग आला. मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो, हे शेजारीपाजारी सगळ्यांना ठाऊक आहे. गाडी आम्हां दोघा भावांची. दोघेही नोकरीत असताना जोडीने घेतलेली, छोटी, पांढरी, कार्ब्युरेटरची. आता असली गाडी रस्त्यावर क्वचितच दिसते. पेडण्याच्या आमच्या घरात मधोमध भिंत आहे, एका बाजूला तो, एका बाजूला मी. गाडी दोघांची असली तरी चावी माझ्या बाजूच्या खिळ्याला. मोठा भाऊ म्हणून ते आपोआपच तसं झालं आणि त्यानेही कधी काही म्हटलं नाही. अशा माणसाने मला गाडी चालवता येत नाही म्हणावं, हे मला सहन होईना.

माझी सगळी नोकरी डिचोलीकडच्या खाणीवर ट्रकांची वजनं करण्यात गेली. ड्रायव्हर कितीही शपथा घेऊ देत, काटा दाखवेल ते खरं, असा माझा खाक्या होता. तेव्हा भावालाही काट्यानेच गप्प करायचं ठरवलं. फोनवर व्हिडिओ बघता बघता व्हॅक्यूम गेज नावाची वस्तू मला सापडली होती. इंजिन हवा आत ओढतं, ती ओढ किती आहे ते हे गेज दाखवतं. इंजिनात काही बिघाड असला, कुठे हवा गळत असली, की काटा थरथरतो किंवा खाली येतो. नवी गाडी घेणारे हे बघत नाहीत, पण जुनी गाडी सांभाळणाऱ्याला त्यातून इंजिनाची नाडी कळते. मला तेच हवं होतं. गाडी आजारी आहे याचा पुरावा.

पण भावाचं बोलणं मला एवढं का झोंबलं, ते सांगायचं तर गेल्या वर्षीच्या जत्रेपर्यंत जावं लागेल.

आम्ही दोघेही धोंड. म्हणजे देवीच्या जत्रेआधी काही दिवस उपास करायचा, सोवळ्यात राहायचं, आणि जत्रेच्या पहाटे हातात वेताची काठी घेऊन अनवाणी निखाऱ्यांवरून चालत जायचं. वडील धोंड होते म्हणून आम्ही झालो. तरुणपणी मी भरपूर चटके खाल्लेले आहेत. आमच्यात त्याचं कोणी नवल करत नाही. खोबरेल तेल लावायचं आणि घरी यायचं. पण अलीकडच्या काही जत्रांत मला चटका बसेनासा झाला. आधी कमी, मग अजिबात नाही. गेल्या वर्षी तर गार वाळूवरून चालल्यासारखं वाटलं. मी मनात म्हटलं, देवीने मला पदरात घेतलं.

मनात म्हटलं तिथेच थांबलो असतो तर बरं होतं. पहिल्यांदा चटका बसला नाही तेव्हापासूनच मी सांगत सुटलो. लग्नात, दुकानात, बसस्टॉपवर, जिथे कोणी विचारलं नाही तिथेही. लोक ऐकायचे आणि नमस्कार करायचे. जत्रेत बाया माझ्या पाया पडू लागल्या. एकीने आपलं तान्हं मूल माझ्या पावलांवर ठेवलं. मी डोळे मिटून त्याच्या डोक्यावर हात ठेवला, जसं काही मला तसा अधिकारच होता.

गेल्या वर्षीच्या त्या जत्रेत भावाचा पाय भाजला. तळव्याला मोठे फोड आले. कितीतरी दिवस त्याला चप्पल घालता येईना. बाकीच्या धोंडांनी नेहमीप्रमाणे तेल आणलं, कोणी थट्टा केली. मी मात्र सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात म्हणालो, "व्रतात कायतरी चुकला आसतला तुझा. देवी उगीच भाजना नाय." तो खाली मान घालून पायाला तेल लावत राहिला. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलू लागला. आणि यंदा उन्हाळा आला, व्रताची बोलणी सुरू झाली, तेव्हा त्याने भिंतीपलीकडून सांगून टाकलं की आपल्याला जमायचं नाही. कारण विचारलं तर म्हणाला, "माका नको, इतक्याच."

वडिलांपासून चालत आलेलं व्रत तो सोडत होता, आणि मी त्यातून एकच अर्थ काढला, की ह्याच्या मनात खोट आहे म्हणून हा घाबरला. असा माणूस माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवतो म्हणजे काय!

गेज म्हापशाच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून मागवून घेतलं. वाटीएवढी काळी तबकडी, पांढरे आकडे, लाल काटा, सोबत हातभर रबरी नळी आणि एक प्लास्टिकची टी, म्हणजे नळ्या जोडायचा तीन तोंडांचा तुकडा. मेकॅनिककडे नेलं असतं तर त्याने चहा पितापिता बसवून दिलं असतं. पण मला ते स्वतः करायचं होतं. सकाळी आंगणात फणसाच्या सावलीत गाडी उभी केली, बॉनेट उघडलं आणि फोन एअर फिल्टरवर टेकवून व्हिडिओ लावला. बायको अधूनमधून पायरीवर येऊन बघून जायची. भाऊही त्याच्या बाजूच्या सोप्यावर पेपर वाचत होता. मी काय करतोय ते त्याने विचारलं नाही, आणि त्याने विचारावं म्हणून मी पाने-पेचकस जरा जास्तच आपटत होतो.

पहिल्याच फटक्याला चुकलो. कार्ब्युरेटरपासून एक बारीक नळी ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे जाते, ती हाताला सोपी म्हणून मी तीच कापली आणि तिथे टी बसवली. गाडी सुरू केली तर काटा शून्यावर ढिम्म. मी हर्षभरित झालो. इंजिनात ओढच नाही, गाडी मेलेलीच आहे, बोलव त्याला! मग व्हिडिओतला माणूस पुढे सांगू लागला की ह्या नळीवर गाडी उभी असताना ओढ येतच नाही, ती नळी घेऊ नका. मी इकडेतिकडे बघितलं. कोणी पाहिलं नव्हतं. कापलेली नळी गुपचूप नव्या तुकड्याने जोडली.

दुसऱ्या वेळी बरोबर जागा पकडली. कार्ब्युरेटरच्या खाली, जिथून हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनात शिरतं, त्या मॅनिफोल्डला एक छोटं तोंड असतं. त्यावरची नळी काढून तिथे टी घातली, तिन्ही टोकांना क्लिप आवळल्या. मग नळी गाडीच्या आत घ्यायची. इंजिन आणि आपले गुडघे यांच्या मधल्या पत्र्यात वायरींचं एक भोक आहे, त्याच्या रबरात पेचकसाने वाट करून नळी ढकलली. आत मी पाठीवर, डोकं पॅडलांपाशी, पाय दाराबाहेर. कुठे मुरड पडली तर काटा खोटं सांगेल म्हणून नळी बोटांनी चाचपत वर आणली आणि गेज डॅशबोर्डवर माझ्या समोर स्क्रूने बसवलं. आतल्या दिव्याची वायर पार्किंग लाइटला जोडली. एवढं केल्यावर कंबर सरळ करायला मला दाराला धरावं लागलं. तरी खूप बरं वाटत होतं. निवृत्तीनंतर एखादं काम असं पुरं केल्याचं मला आठवत नव्हतं.

किल्ली फिरवली. काटा चढला आणि अठराच्या पुढे जाऊन तिथे थांबला. थरथर नाही, घसरण नाही. व्हिडिओतला माणूस म्हणत होता, असा काटा दिसला तर समजा इंजिन निरोगी. मला ते आवडलं नाही. उभ्या गाडीचं काय एवढं, चालत्या गाडीत बघू, असं म्हणून मी भावाला हाक मारली. तो पेपरची घडी घालून आला आणि बाजूला बसला.

आम्ही इब्रामपूरच्या रस्त्याला लागलो. काटा लगेच नाचायला लागला. वीसवर जाई, धाडकन पाचवर येई, पुन्हा वर. गाडी त्याच तालावर पुढे-मागे होत होती. "बघितलंस?" मी म्हणालो. "इंजिनच धड नाय. आता बोल." मी तशीच गाडी वळवली आणि थेट म्हापशाला मेकॅनिककडे नेली, कारण मला साक्षीदार हवा होता.

मेकॅनिक गाडीत बसला, आम्ही दोघे मागे. त्याने बाजाराला एक फेरी मारली. काटा हळूच खाली जायचा, हळूच वर यायचा, उतारावर आपला वर जाऊन बसायचा. गाडी लोण्यासारखी चालली. मेकॅनिक म्हणाला, काय झालंय म्हणून आणलीत? मी म्हटलं, आता नाही झालं, मघाशी होत होतं. तो हसला आणि दुसऱ्या गाडीकडे गेला. माझा जीव जळत होता. परतीला मी भावाला म्हटलं, तू चालव. त्याला खोटं पाडायची ती शेवटची आशा. त्याने चालवली, मी बाजूला बसून काट्यावरची नजर काढली नाही. म्हापशापासून पेडण्यापर्यंत काटा एकदाही उडाला नाही.

घराच्या अलीकडे, नदीकडेच्या सरळ रस्त्यावर, मी त्याला गाडी थांबवायला लावली आणि स्वतः बसलो. रस्ता तोच, गाडी तीच, इंजिन गरम. मी शक्य तितक्या हलक्या पायाने ॲक्सिलरेटर दाबला. म्हणजे मला वाटलं हलक्या पायाने. काटा तळाला गेला आणि आम्ही दोघेही मागे फेकलो गेलो. पाय उचलला, काटा वर, दोघेही पुढे. मी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. पाय पूर्ण सुटला होता आणि मला तो टेकलेला वाटत होता.

तेव्हा मला कळलं. ते गेज इंजिनाचं काही सांगत नव्हतं. आपण पॅडल दाबतो तेव्हा हवेचं तोंड उघडतं आणि ओढ पडते. सोडतो तेव्हा तोंड मिटतं आणि ओढ वाढते. एवढी साधी गोष्ट, पण गेज घेतल्यापासून मीच ती डोक्याबाहेर ठेवली होती. काटा माझा पाय दाखवत होता. मी चोरून भावाकडे पाहिलं. तो खिडकीतून बाहेर काजूच्या झाडांकडे बघत होता, आणि मुद्दाम बघत होता. घरी पोचेपर्यंत त्याने मान वळवली नाही. त्याने टोमणा मारला असता तर मला भांडता तरी आलं असतं. एवढी लाज मला नोकरीत कधी साहेबासमोरही वाटली नव्हती.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी एकटाच गाडीत जाऊन बसलो. इंजिन बंद. डोळे मिटले, उजवा पाय इकडून तिकडे नेला आणि टेकवला. स्वतःला विचारलं, आता पाय कुठे आहे? ॲक्सिलरेटरवर, मी म्हटलं. डोळे उघडून पाहिलं तर ब्रेकवर होता. पुन्हा केलं. यावेळी पाय दोन्हींच्या मधे, नुसत्या जमिनीवर होता. ह्याच पायाने मी बायकोला शेजारी बसवून म्हापशाच्या गर्दीत, शाळेच्या वेळेला, मुलांच्या घोळक्यातून गाडी नेत होतो.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. सगळं नाही, फक्त पाय जड वाटतो म्हणालो. ती म्हणाली, "जड? अवो, तुमच्या पायांतली चप्पल रस्त्यार पडता आणि तुमी तसेच घरात येतात. माका वाटला विसरतात म्हणान. बोललंय तर रागावतल्यात." हे तिने दोनतीनदा पाहिलं होतं. एकदा चप्पल उचलून आणून तिने मुकाट्याने जागेवर ठेवली होती. माझ्या रागाने घरातल्या माणसांना काय काय गिळायला लावलं होतं, ते मला असं एकेक कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने मला सरकारी दवाखान्यात नेलं. बसने. डॉक्टर मुलगी आमच्या पुतणीच्या वयाची. तिने मला झोपवलं, डोळे मिटायला सांगितलं आणि म्हणाली, मी हात लावला की सांगा. मी वाट बघत राहिलो. बऱ्याच वेळाने म्हटलं, लावा की आता. ती म्हणाली, "लावून झाला, काका. दोन्ही पायांना." बायकोने तोंडावर पदर घेतला. रक्तात साखर निघाली, ती कधीपासून वाढली होती कोण जाणे. मी तपासायलाच गेलो नव्हतो, कारण मला काही होतंय असं मला कुठे वाटत होतं? डॉक्टरने विचारलं, पायांना कळेनासं झालं ते साधारण कधीपासून? मला उत्तर तोंडावर आलं होतं. चटका बसेनासा झाला तेव्हापासून. पण ते मी तिला सांगू शकलो नाही. माहीत नाही म्हणालो.

बसमध्ये खिडकीशी बसून मी ते मनात पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं. देवीने मला पदरात घेतलं नव्हतं. माझे पाय मेले होते, आणि मेलेल्या पायांवर मी लोकांचं तान्हं मूल ठेवून घेतलं होतं. हे तरी माझं मला. पण ज्याचे पाय जिवंत होते, म्हणून भाजले, त्याला मी सगळ्यांदेखत खोटा ठरवलं होतं, आणि त्याने व्रत टाकलं होतं. बायकोने विचारलं, "बरा वाटना नाय?" मी मान हलवली. बरं वाटत नव्हतंच.

व्रताला बसायचे दिवस जवळ येत होते. मी त्याच्याकडे जाईन जाईन म्हणत टाळत होतो. आमच्यात मोठ्याने धाकट्याकडे चूक मान्य करायची काही रीत नाही. निदान मला कोणी दाखवली नाही. शेवटी एका सकाळी खिळ्यावरची चावी काढली आणि त्याच्या बाजूच्या सोप्यावर जाऊन बसलो. तो नुकताच न्हाऊन आला होता. चावी त्याच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "गाडी आता तू चालव. माझ्या पायांक काय कळना नाय."

"माका म्हायत आसा," तो म्हणाला. "वहिनीन सांगल्यान."

"तसा न्हय," मी म्हणालो. "जत्रेतय कळा नाय. निखाऱ्यार. माका वाटला देवीची कृपा." मी चावी आणखी त्याच्याकडे सरकवली. "तुझा व्रत चुकूक नाय. मी चुकीचा बोललंय. सगळ्यांफुडे बोललंय, सगळ्यांफुडेच सांगतलंय. तू यंदा बस."

तो टॉवेलने केस पुसत राहिला. मला वाटलं, आता हा मला बोल लावेल, आणि लावावा. पण त्याच्या तोंडावर राग नव्हता, नुसता संकोच होता. मग तो सावकाश म्हणाला, "दादा, पाय माझो खंयच्याय चुकीन भाजूक नाय. माझ्या फुडे तू होतंस. देवळात फेरी घालतंस तसो तू आरामात चालत होतंस, मधीच थांबान हात जोडलंस. दोनीकडसून माणसा. मी मागे निखाऱ्यार उभो. मोठ्या भावाक मागसून ढकलूचा कसा?"

"मगे सांगलंस कित्या नाय?" मी विचारलं.

"कधी सांगू? लोक तुझ्या पाया पडत होते."

मी म्हटलं, दाखव पाय. तो नको म्हणाला, मी हट्ट धरला. त्याने अवघडत पाय वर घेतला. टाचेपासून बोटांपर्यंत जुन्या फोडांचे गुळगुळीत, फिकट डाग होते. मी त्यावर बोट टेकवलं तोच त्याने पाय झटकन मागे ओढला.

"सोड, दादा, गुदगुल्ये जातत," तो म्हणाला. तो हसत होता, आणि मला मान वर करून त्याच्याकडे बघायची लाज वाटत होती.